माती, गादी आणि निकाल : सातारा-सांगलीच्या कुस्तीतील नियमांचा इतिहास

कोणत्याही जुन्या खेळाचा इतिहास लिहिताना परंपरा एका बाजूला आणि नियमांतले बदल दुसऱ्या बाजूला अशी मांडणी करण्याचा मोह होतो, आणि कुस्तीच्या बाबतीत तर माती म्हणजे परंपरा व गादी म्हणजे आधुनिकता ही विभागणी इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील कुस्तीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मात्र या विभागणीत नीट बसत नाही. येथील प्रेक्षकांना कुस्तीत नेमके काय गुंतवून ठेवत आले, या प्रश्नाचे उत्तर मातीत किंवा गादीत शोधण्यापेक्षा निकाल कसा लागतो आणि तो कोण ठरवतो या वादात शोधणे अधिक योग्य ठरते. हे दोन जिल्हे येथे एकत्र घेण्याचे कारणही ऐतिहासिकच आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कराडचा मल्ल आणि वाळव्याचा मल्ल हे त्याआधीच्या काळात एकाच जिल्ह्याचे, आणि बहुतेक वेळा एकाच जत्रेच्या फडातले होते.

या प्रदेशातील तालमींचा संबंध लोकस्मृती समर्थ रामदासांशी जोडते. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळचे दोन, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर आणि शहापूर येथील मारुती आजच्या सातारा जिल्ह्यात, तर बहे-बोरगाव आणि शिराळा येथील मारुती सांगली जिल्ह्यात आहेत, आणि गावच्या तालमीत मारुतीची मूर्ती किंवा तसबीर असतेच. तथापि प्रत्येक तालमीची वंशावळ सतराव्या शतकापर्यंत नेण्याइतका कागदोपत्री आधार मिळणे कठीण आहे. तालीम ही गावच्या तरुणांची व्यायामाची, झोपण्याची आणि वस्तादाच्या धाकात वाढण्याची जागा होती, एवढे विधान पुरेसे आणि सुरक्षित ठरते. तालमीच्या मध्यभागी असलेल्या हौदातील लाल माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मिसळून, पाण्याचा हबका देऊन मऊ व ओलसर ठेवली जाई. त्यामुळे अंग सोलवटत नसे, जखमा चिघळत नसत, आणि घामाने निसटणाऱ्या अंगावर पकड बसण्यासाठी मूठभर मातीचा आधार मिळे.

तालमीत घडलेला मल्ल लोकांसमोर येई तो गावच्या जत्रेतील मैदानात, म्हणजे खुल्या जागी माती टाकून आखलेल्या फडात. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या मोठ्या यात्रांपासून ते शे-दोनशे उंबऱ्यांच्या गावच्या जत्रेपर्यंत या मैदानाचा क्रम सारखाच असे. दुपारी लहान मुलांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग वाढत्या इनामाच्या, आणि दिवस कलताना सर्वांत मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती. हलगी आणि घुमक्याच्या कडकडाटात मल्ल शड्डू ठोकत फडाभोवती फिरे, जोड मागे, आणि पंच दोघांना शेजारी उभे करून अंगलोट पाहत जोड पसंत करीत किंवा नाकारीत. जोड नेमणे याचा अर्थ तुल्यबळ प्रतिस्पर्धी ठरवणे. तेव्हा वजनाचा काटा नव्हता, वयाचा दाखला नव्हता. पंचांची नजर, वस्तादाचा शब्द आणि दोन्ही गावांचा मान यांवर ते काम चाले. वजनगटांच्या आधुनिक पद्धतीत जे काम यंत्र करते, तेच येथे वाटाघाटीने होत असे, आणि ही वाटाघाट पाहणे हा प्रेक्षकांच्या आनंदाचा मोठा भाग होता. मोठ्या कुस्तीची जोड आधीच ठरून हँडबिलावर छापली गेली की ती जोड बरोबर की चूक यावर गावोगावच्या पारांवर महिनाभर चर्चा चाले. कुस्ती त्यानंतर पाच मिनिटांत संपली तरी महिनाभराचा खेळ आधीच होऊन गेलेला असे.

निकालाचा नियम एकच होता. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावली की तो चीत झाला, कुस्ती निकाली झाली. गुण नव्हते, फेऱ्या नव्हत्या, आणि मूळ रिवाजात वेळेची मर्यादाही नव्हती. कुस्ती फारच लांबली किंवा अंधार पडला तर ती बरोबरीत सोडवली जाई. या नियमाला मातीने एक अशी सोय करून दिली होती जिचा विचार सहसा केला जात नाही. ओलसर लाल माती घामेजलेल्या पाठीला चिकटते, त्यामुळे पाठ टेकली की नाही याचा पुरावा मल्ल स्वतःच्या अंगावर घेऊन उठत असे. पंचांचा हात वर जाण्याआधीच शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला निकाल कळे. पाठीच्या एका बाजूलाच माती लागलेली असेल तर मात्र वाद होई. पंच मल्लाला वळवून पाहत, दोन्ही खांद्यांचा प्रश्न निघे, एका गावचे लोक फडात उतरत, आणि कित्येकदा कुस्ती पुन्हा लावावी लागे. म्हणजे निकालाचा अधिकार पंचांकडे असला तरी त्याची तपासणी हजारो डोळे करीत होते. गुणांच्या पद्धतीने पुढे नेमका हाच अधिकार प्रेक्षकांकडून काढून घेतला. माती गेल्याबद्दलची हळहळ बहुधा मातीच्या वासाशी जोडली जाते, पण प्रेक्षकाने खरे गमावले ते निकाल स्वतः पडताळून पाहण्याचे साधन.

या रचनेला पैसा आणि प्रतिष्ठा देणारा वर्ग संस्थानिकांचा होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१२ साली सुरू झालेले खासबाग मैदान हे त्याचे सर्वांत भव्य उदाहरण. सातारा-सांगलीच्या मल्लांना मोठे नाव कमवायचे असेल तर कोल्हापूरची वाट धरावी लागे ती त्यामुळेच. तुलनेने लहान असलेल्या औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा भर सूर्यनमस्कारावर होता, आणि संस्थानाच्या शाळांमधून त्यांनी तो सक्तीचा केला होता. शरीर कमावणे हे राजाश्रयाचे नव्हे तर नागरिकत्वाचे अंग आहे ही त्यांची दृष्टी त्या काळात वेगळी होती. आज पलूस तालुक्यात असलेले कुंडल हे याच औंध संस्थानातले गाव. डोंगराच्या उतारावर प्रेक्षक बसावेत आणि खाली सपाटीला फड असावा अशी नैसर्गिक रचना लाभल्यामुळे कुंडलचे मैदान महाराष्ट्रात नावाजले. १९४३ नंतरच्या प्रतिसरकारच्या, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारच्या, चळवळीत तिच्या तुफान सेनेचे केंद्र हेच गाव होते ही गोष्ट योगायोगाची मानता येईल, परंतु कसलेले शरीर, गावोगावच्या ओळखी आणि वस्तादाची शिस्त यांचे जाळे या भागात आधीपासून विणलेले होते, हेही विसरता येत नाही.

वेळेचे बंधन नसणे ही केवळ भारतीय मातीची खासियत होती असे मानणे चुकीचे ठरेल. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन कुस्तीतील मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड आसिकाइनेन यांची लढत अकरा तास चाळीस मिनिटे चालली, आणि जिंकलेला क्लाइन इतका थकला की अंतिम लढतीला तो उभाच राहू शकला नाही. ग्रीको-रोमन म्हणजे ज्यात कमरेखाली पकड घेता येत नाही आणि पायांचा वापरही करता येत नाही असा प्रकार. फ्रीस्टाइल या दुसऱ्या प्रकारात पायांसह सर्व शरीर वापरता येते आणि म्हणून तो आपल्या कुस्तीला जवळचा. अशा लढतींच्या अनुभवातूनच युरोपात घड्याळ आणि गुण आले. १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकसाठी दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने गेलेल्या भारतीय चमूत नवले आणि शिंदे हे दोन मल्ल होते, आणि त्यांतील शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकून ते चौथे आले. या घटनेचा गावच्या फडावर काही परिणाम झाल्याचे दिसत नाही. गादीवरची कुस्ती ही पुढची जवळजवळ तीस वर्षे सातारा-सांगलीच्या मल्लांसाठी परदेशात घडणारी गोष्ट राहिली.

ती गोष्ट घरात आली गोळेश्वरच्या खाशाबा दादासाहेब जाधव यांच्यामुळे. कराडजवळच्या या गावात १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेल्या खाशाबांचे वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण घेऊन खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले, आणि बाबुराव बलवडे व बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची कुस्ती घडली. मातीत भरदार अंगाचे कौतुक असते. खाशाबा अंगाने लहान होते. त्यांचा भर चपळाईवर आणि ढाक या डावावर होता, ज्यात प्रतिस्पर्ध्याची मान व हात पकडीत घेऊन त्याला अंगावरून खाली टाकले जाते. उघड्या फडात अशा हलक्या मल्लाला मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती मिळणे अवघड असे, कारण जोड नेमण्याच्या पद्धतीत वजनदार मल्लाचेच आकर्षण मोठे. वजनगटांच्या आंतरराष्ट्रीय नियमाने खाशाबांना जी जागा दिली ती परंपरेने दिली नसती, हे त्यांच्या यशाचे वर्णन करताना बहुधा सांगितले जात नाही.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. गादीवर लढण्याचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा त्यांना सराव नव्हता. अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी तेथे त्यांना शिकवले, आणि फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोपर्यंतच्या वजनात, त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. पुढची चार वर्षे त्यांनी या नव्या कुस्तीच्या तयारीत घालवली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीच्या निवडीत मद्रास येथे त्यांना एका गुणाने मागे टाकण्यात आले, हा निर्णय पक्षपाती असल्याची त्यांची तक्रार पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेली, आणि पुन्हा घेतलेल्या लढतीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला हरवून आपली जागा मिळवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एका गुणाच्या वादाचे उत्तर पुन्हा कुस्ती लावून देणे हा फडाचाच जुना उपाय होता, आणि भारताच्या पुढच्या पदकाची वाट त्या उपायातून गेली. प्रवासखर्चाचा प्रश्न तरीही उरला होता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले, आणि गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली.

हेलसिंकीत बँटमवेट, म्हणजे ५७ किलोच्या गटात, खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. त्या काळच्या पद्धतीत लढत पंधरा मिनिटांची असे आणि हरणाऱ्याच्या किंवा केवळ गुणांवर जिंकणाऱ्याच्या नावावर दंडगुण चढत. ठरावीक दंडगुण साचले की मल्ल बाद होई. चीत करून जिंकणाऱ्याला दंडगुण नसल्यामुळे या पद्धतीत निकाली कुस्तीचे मोल टिकून होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. जपानचा शोहाची इशी, ज्याने पुढे सुवर्णपदक जिंकले, आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव यांच्याकडून खाशाबा हरले. या दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाने मिळावयाची अर्ध्या तासाची विश्रांती त्यांना मिळाली नाही, आणि हा मुद्दा पंचांसमोर मांडायला कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता असे सांगितले जाते. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या नावावर लागलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले; त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. खाशाबांची कराड ते गोळेश्वर मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांनिशी निघाली. विरोधाभास असा की ज्या नियमांनी ते पदक मिळाले ते नियम मिरवणुकीतल्या फारच थोड्या लोकांना ठाऊक असतील. पदकाचे कौतुक झाले, गादीचे झाले नाही. सातारा जिल्ह्यात गाद्या पसरायला पुढे कित्येक दशके जावी लागली. भारताला कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक २००८ साली, छप्पन वर्षांनी मिळाले, आणि या विलंबाची जबाबदारी सरकारी अनास्थेइतकीच मातीच्या फडातील पैशावरही टाकावी लागते, कारण चांगल्या मल्लाला गादीवर फुकट घाम गाळण्यापेक्षा मातीत इनाम मिळवणे साहजिकच परवडत होते.

दरम्यान संस्थाने विलीन झाली होती आणि राजाश्रयाची जागा संघटनेने घेतली. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून परिषदेने महाराष्ट्र केसरी हा किताब सुरू केला. औरंगाबाद येथे झालेल्या पहिल्या स्पर्धेत हा मान सांगलीच्या दिनकर दह्यारी यांना मिळाला. आज जुनी परंपरा म्हणून ओळखली जाणारी चांदीची गदा, किताब आणि जिल्हावार संघ ही सारी व्यवस्था फार तर महाराष्ट्र राज्याच्या वयाची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तिने जोड नेमण्याची जुनी पद्धत मोडली. आता प्रतिस्पर्धी वाटाघाटीने ठरत नव्हता, तो सोडतीने समोर येत होता, आणि महिनाभर चालणारी पारावरची चर्चा जोडीऐवजी जिल्ह्याच्या भोवती फिरू लागली. प्रेक्षकांनी हा बदल फारशी कुरकूर न करता स्वीकारला, कारण गावाच्या अभिमानाला जिल्ह्याचा अभिमान हे मोठे घर मिळाले.

याच सुमारास सांगली जिल्ह्याने देशाला दोन असामान्य मल्ल दिले. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले आणि कवठे पिराणचे मारुती माने १९६४ साली. हिंदकेसरी हा १९५८ पासून दिला जाणारा राष्ट्रीय पातळीवरचा किताब. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत या दोघांनी चार पदके आणली. माने यांना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य, तर आंदळकरांना त्याहून वरच्या वजनगटात नेमके उलट, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. मातीत वाढलेल्या मल्लाने पायाला हात न लावता खेळण्याच्या, महाराष्ट्रात कोणाच्याही परंपरेत नसलेल्या प्रकारात आशियाचे सुवर्ण जिंकावे, ही घटना परंपरा व नियम यांच्या नात्याबद्दल बरेच काही सांगून जाते. खडाखडीत, म्हणजे उभ्याने मनगटे आणि मान धरून ताकद अजमावण्याच्या अवस्थेत, तासन्‌तास घालवणाऱ्या मातीतल्या मल्लाची छाती, मान आणि खांदे इतके तयार होत की ग्रीको-रोमनचे बंधन त्याला अडचणीचे ठरण्याऐवजी सोयीचेच ठरले. आंदळकर पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकलाही गेले. सांगलीचे संभाजी पवार, ज्यांना लोक बिजली मल्ल म्हणत, आखाड्यातून थेट विधानसभेत पोचले. मल्लाची लोकप्रियता फडाच्या बाहेरही चालते याचा तो दाखलाच होता.

मातीवरून गादीवर जाणे म्हणजे केवळ पृष्ठभाग बदलणे नव्हे. गादीवर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ असते, त्याच्या कडेला एक मीटर रुंदीचा पट्टा असतो, आणि त्याबाहेर पाऊल पडले की प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो. मातीत पाय रुततो, त्यामुळे पट काढण्यासाठी, म्हणजे झेप घेऊन प्रतिस्पर्ध्याचा पाय पकडण्यासाठी, लागणारा वेग कमी पडतो. गादीवर तोच एकेरी पट विजेसारखा निघतो. मातीत खाली आलेला मल्ल पोटावर पडून, हातपाय रोवून, प्रतिस्पर्धी दमेपर्यंत निवांत राहू शकतो, आणि या चिवटपणाचे जाणकार प्रेक्षक कौतुक करतात. गादीवर तोच मल्ल भारंदाजाने, म्हणजे कमरेला मिठी घालून उलटवण्याच्या डावाने, दोन-दोन गुण देत अर्ध्या मिनिटात हरतो, कारण फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की तांत्रिक वर्चस्वावर लढत तेथेच थांबते. चीत होण्याची कसोटीही वेगळी. मातीत पाठ टेकली की पुरे. गादीवर दोन्ही खांदे पंचाला स्पष्ट दिसतील इतका वेळ दाबून धरावे लागतात. पाठीला काही चिकटत नसल्यामुळे प्रेक्षकाला पंचाच्या हाताकडे आणि पाटीवरच्या आकड्यांकडे पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

घड्याळाचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो केवळ कुस्तीपुरता नाही. अमेरिकेत क्रिकेटसारखाच चेंडूफळीचा असलेला बेसबॉल हा खेळ घड्याळावाचून खेळला जातो याचा त्याच्या चाहत्यांना शतकभर अभिमान होता. २०२३ साली तेथील प्रमुख साखळी स्पर्धेत चेंडू टाकणाऱ्यासाठी घड्याळ लावण्यात आले: धावपट्टीच्या थांब्यांवर कोणी खेळाडू नसेल तर पंधरा सेकंदांत, असेल तर वीस सेकंदांत चेंडू टाकायचा, असा त्या वर्षीचा नियम होता. सामन्याची सरासरी लांबी तीन तासांहून थोडी अधिक होती, ती सुमारे दोन तास चाळीस मिनिटांवर आली. परंपरेचे अभिमानी आधी रागावले आणि मग मैदानात परतले. कुस्तीच्या बाबतीत मात्र घड्याळाने वेळ वाचवला एवढेच नाही, निकालाचे स्वरूपच बदलले. पंधरा मिनिटांची लढत कमी होत होत आज तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांवर आली आहे. मधल्या काळात, २००५ ते २०१३ या वर्षांत, दोन-दोन मिनिटांच्या तीन स्वतंत्र फेऱ्यांची पद्धत होती आणि फेरी बरोबरीत सुटली तर पिशवीतून रंगीत चेंडू काढून कोणाला फायद्याची पकड मिळणार हे ठरवले जाई. चिठ्ठी टाकून कुस्ती सोडवण्याचा हा प्रकार कुंडलच्या उतारावर बसलेल्या प्रेक्षकांनी एका मैदानापुरताही चालू दिला नसता. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला ऑलिंपिकच्या मुख्य खेळांतून वगळण्याची शिफारस केली, तेव्हा खेळ सामान्य प्रेक्षकाला समजेनासा झाल्याची टीका जोरात होती. नियम घाईने बदलण्यात आले, गुणांची बेरीज पुन्हा अखंड करण्यात आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुस्तीचे स्थान वाचले. जगातल्या या सुधारणेची दिशा गुंतागुंतीकडून सोपेपणाकडे, म्हणजे फडातल्या प्रेक्षकाच्या अपेक्षेकडे होती, ही गोष्ट मातीच्या अभिमान्यांना सुखावणारी आहे.

पण फडही आपल्या जागी थांबलेला नव्हता. तासन्‌तास चालणाऱ्या आणि बरोबरीत सुटणाऱ्या कुस्त्यांना तिकीट काढून आलेला प्रेक्षक कंटाळू लागला, दोन्ही मल्ल संगनमताने बरोबरी करतात असा संशय वाढला, आणि इनामाचा पैसा देणारे साखर कारखाने, पतसंस्था आणि गावचे पुढारी निकालाचा आग्रह धरू लागले. त्यामुळे मोठ्या मैदानांतही वेळ बांधली गेली, आणि त्या वेळेत कुस्ती चीतपट झाली नाही तर पुढच्या काही मिनिटांत पहिला गुण घेणारा विजयी, असा तोडगा रूढ झाला. मातीतला मल्लही गुणांची भाषा शिकला. यात्रेच्या मैदानात ध्वनिक्षेपकावरून डावाचे नाव, मल्लाचे गाव आणि वस्तादाचा वारसा सांगणारे निवेदक लोकप्रिय झाले ते याच काळात, कारण गुंतागुंत वाढली तसा ती उलगडून सांगणारा लागू लागला.

महाराष्ट्र केसरीने यावर काढलेला मार्ग तडजोडीचा होता. स्पर्धेचे माती विभाग आणि गादी विभाग असे दोन भाग झाले, आणि दोन्ही विभागांच्या विजेत्यांत किताबाची लढत होऊ लागली, जी अलीकडच्या वर्षांत गादीवर होते. सांगलीच्या चंद्रहार पाटील यांनी २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे हा किताब घेतला, तेव्हा जिल्ह्यातील जुन्या पिढीला आंदळकर-माने यांचे दिवस आठवले. एप्रिल २०२२ मध्ये ही स्पर्धा साताऱ्यात भरली आणि अंतिम लढतीत कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटील याने विशाल बनकर याच्यावर ५-४ अशी मात केली. एका गुणाने ठरलेला महाराष्ट्र केसरी पाहण्यासाठी साताऱ्याचे क्रीडांगण भरून गेले होते. म्हणजे चीतपट झाली नाही तर रस जातो, हे गृहीतकही पूर्णपणे खरे नाही.

वाद मात्र वाढले, आणि त्यांची जातकुळी पाहिली तर ती जुनीच आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या निर्णायक लढतीत महेंद्र गायकवाड याने सिकंदर शेखवर टाकलेल्या बाहेरील टांगेला, म्हणजे पायात पाय अडकवून पाडण्याच्या डावाला, चार गुण दिले गेले, तेव्हा ते दोन हवे होते की चार, पाठ धोक्याच्या स्थितीत गेली होती की नव्हती, यावर आठवडाभर महाराष्ट्रभर मोबाइलवर चित्रफिती थांबवून थांबवून पाहिल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील स्पर्धेत गादीवर दिलेल्या चीतपटीच्या निर्णयावरून खांदे टेकले होते की नाही हा प्रश्न निघाला, आणि पंचांशी गैरवर्तन केल्याबद्दल पराभूत मल्लावर तीन वर्षांची बंदी आली. पंचांवर हात किंवा पाय उगारण्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण या दोन्ही प्रसंगांत प्रेक्षकाने चित्रफितीच्या रूपाने निकाल स्वतः तपासण्याचा अधिकार परत मागितला, हे इतिहासाच्या दृष्टीने त्या गैरवर्तनापेक्षा महत्त्वाचे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रशिक्षकाला आव्हान देऊन चित्रफीत तपासायला लावण्याची तरतूद आहे, आणि आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. फडात हरकत घेणाऱ्या गावाला असा दंड कधीच बसत नसे.

या साऱ्या इतिहासात स्त्रिया बहुतांश प्रेक्षकांतही नव्हत्या, कारण तालमीत त्यांना प्रवेश नसे आणि फडाच्या कडेलाही त्या क्वचितच दिसत. महिलांची कुस्ती २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये आली. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत भरली, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने कल्याणच्या वैष्णवी पाटील हिला हरवून पहिली गदा घेतली. येथे माती की गादी हा वाद फारसा निघाला नाही, कारण या मुलींची कुस्ती सुरुवातीपासून वजनगट, गुण आणि घड्याळ यांच्या चौकटीतच घडली होती. त्यांना मागे टाकायला कोणतीही जुनी पद्धत नव्हती. आता सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील जत्रांच्या मैदानांत मुलींच्याही कुस्त्या लावल्या जातात, आणि त्या गादीवर नव्हे, तर हलगीच्या तालावर लाल मातीत होतात. तेथे जोड वजन पाहून नेमली जाते, वेळ बांधलेली असते, आणि तरीही पंचांनी हात वर करण्याआधी प्रेक्षकांची नजर उठणाऱ्या मुलीच्या पाठीकडे जाते.